चार आठवड्यांचे वर्ग आणि तीन रविवार



व्याख्यानमालेच्या चिटणीसांचे निमंत्रण आले तेव्हा पत्ता चुकला असावा, असेच मला प्रथम वाटले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे तिचा कित्ता गावोगावी गिरवला गेला. अशा व्यासपीठावर प्राध्यापक बोलतात, ग्रंथकार बोलतात. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप रीतसर मागे घेतल्याचे कधी जाहीर झाले नाही, आणि वडील पुन्हा गिरणीत गेले नाहीत. मी मात्र त्याच वर्षी ठाण्याकडच्या एका कारखान्यात हातगाडी ढकलू लागलो. पुढे यंत्रावर गेलो आणि तेथून युनियनमध्ये. जे काही वाचले ते वस्तीतल्या वाचनालयात बसून, रात्रपाळी नसेल त्या दिवशी. हे सांगतो ते सहानुभूतीसाठी नव्हे. आज ज्या विषयावर बोलायचे आहे त्याची सुरुवात येथूनच होते, म्हणून सांगितले.

विषय असा की, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी परदेशात विद्यार्थी झालो. २०१० सालच्या मे महिन्यात इटलीतल्या तुरीन शहरी चार आठवड्यांच्या एका वर्गासाठी युनियनने मला पाठविले. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचे तेथे एक प्रशिक्षण केंद्र आहे. १९६१ साली इटलीच्या एकीकरणाला शंभर वर्षे झाली म्हणून तुरीनमध्ये पो नदीच्या काठी मोठे प्रदर्शन भरले होते. त्यासाठी बांधलेल्या इमारतींत १९६५ पासून हे केंद्र चालते. जगातल्या कामगार संघटनांचे कार्यकर्ते तेथे शिकायला येतात. सोमवार ते शुक्रवार वर्ग, शनिवार-रविवार मोकळे.

पहिल्या दिवसाची फजिती सांगतो. माझे इंग्रजी कायद्याच्या पुस्तकांतून शिकलेले. कलमे, पोटकलमे, अपवाद हे सारे मला समजे. पण 'रात्री झोप लागली का?' असे कोणी विचारले की उत्तर सुचत नसे. वर्गात आम्ही वीसएक जण होतो. माझ्या एका बाजूला केनियाचा एक गोदी कामगार, दुसऱ्या बाजूला नेपाळमधल्या हॉटेल कामगारांची एक पुढारी बाई. शिक्षिकेने पहिलाच प्रश्न केला, "तुमच्या देशात कामगाराचा दिवस किती तासांचा?" मी ताठ उभा राहून कारखाना कायद्यातले तास सांगितले. ती म्हणाली, "हे कायद्याचे झाले. कामगाराचे किती?" मी खाली बसलो. आमच्या औद्योगिक वसाहतीतला कंत्राटी कामगार बारा तास राबतो, हे मला ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि परक्या माणसांपुढे उभे राहून ते कबूल करणे वेगळे.

त्या वर्गांची पद्धत मला आवडली. सकाळी एखादा करार वाचायचा: संघटना स्वातंत्र्याचा ८७ क्रमांकाचा, १९४८ सालचा, किंवा सामुदायिक वाटाघाटींचा ९८ क्रमांकाचा, १९४९ सालचा. मग दुपारी प्रत्येकाने आपल्या देशात त्याचे काय झाले ते सांगायचे. भारताने या दोन्ही करारांना आजवर मान्यता दिलेली नाही. हे सांगताना मान खाली जाते, पण ती वस्तुस्थिती आहे.

आता रविवारांकडे वळतो. भत्ता बेताचा होता. न्याहारीच्या वेळी पावाचे दोन तुकडे नि उकडलेले अंडे कागदात बांधून घ्यायचे आणि स्वस्तातले तिकीट काढून निघायचे, असा आमचा शिरस्ता. शुक्रवारी शिक्षिका सांगे, "परवा काय पाहिले ते सोमवारी सांगायचे." त्यामुळे आमचे हिंडणे हाही अभ्यासच झाला.

पहिल्या शनिवारी तुरीनचेच इजिप्ती संग्रहालय पाहिले. १८२४ साली स्थापन झालेले हे संग्रहालय प्रसिद्ध आहे. आम्ही ममी पाहायला गेलो असे मात्र नाही. तेथल्या संग्रहात एक पपायरस आहे. तिसऱ्या रामसेस राजाच्या राजवटीच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी बाराव्या शतकात, राजांची थडगी कोरणाऱ्या कारागिरांनी काम थांबविले, त्याची हकीकत तीत एका कारकुनाने लिहून ठेवली आहे. त्यांचा पगार धान्यात मिळे, आणि धान्य थकले होते. ते काम सोडून निघाले आणि एका देवळामागे जाऊन बसले. आम्ही भुकेले आहोत, तहानलेले आहोत, अंगाला वस्त्र नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, राजाला कळवा, असे त्यांचे म्हणणे होते. इतिहासात नोंदलेला हा पहिला संप मानतात. अधिकारी आले, आश्वासने दिली, थोडे धान्य दिले. पुन्हा थकले, पुन्हा माणसे बसली. केनियाचा मित्र हसून म्हणाला, "यात आमच्या बंदराचे नाव तेवढे घालायचे राहिले!" मीही हसलो. मग मनात आले, आपल्या १९८२ च्या संपाची हकीकत गिरणीतल्या किती कामगारांनी स्वतःच्या हाताने लिहिली? लिहायला वेळ लागतो, आणि लिहिता यावे लागते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, लिंगोत्तोला गेलो. फियाट कंपनीचा हा मोटारींचा कारखाना पहिल्या महायुद्धाच्या काळात बांधायला घेतला आणि १९२३ मध्ये सुरू झाला. पाच मजली लांबच लांब इमारत. कच्चा माल तळमजल्यावर आत यायचा, मजल्यामागून मजला चढत गाडी तयार होत जायची, आणि पूर्ण झालेली गाडी थेट छतावर निघायची. छतावर गाड्या पळवून पाहण्याचा रस्ता आहे. मी त्यावरून चालत एक फेरी मारली. समोर आल्प्सची बर्फाची शिखरे दिसत होती. खाली उतरलो तर दुकाने, हॉटेल, सभागृह. कारखाना बंद झाला तो १९८२ साली. ते साल वाचले आणि मला लालबाग-परळ आठवले. तेथेही गिरण्यांच्या जागी दुकाने आणि उंच इमारती उभ्या आहेत. फरक एवढाच की, लिंगोत्तोची मूळ इमारत त्यांनी जतन केली आहे. येथे काय घडत होते ते नातवाला दाखविता येते. आमच्याकडे पुष्कळ ठिकाणी चिमणी तेवढी उरली, काही ठिकाणी तीही नाही.

फियाटचाच दुसरा मोठा कारखाना मिराफियोरी. तेथे १९८० साली कंपनीने हजारो माणसे कमी करण्याचा घाट घातला. कामगार पस्तीस दिवस लढले. १४ ऑक्टोबर १९८० रोजी कंपनीतले कारकून आणि मुकादम 'आम्हांला कामावर जाऊ द्या' म्हणून मोर्चाने रस्त्यावर उतरले. 'चाळीस हजारांचा मोर्चा' या नावाने तो ओळखला जातो. त्यानंतर लढा मोडला. हाताने काम करणारा आणि टेबलाशी बसणारा यांच्यात भिंत राहिली की दोघेही कसे हरतात, हे सोमवारच्या वर्गात आम्ही दोन तास बोलत होतो.

दुसऱ्या रविवारी व्हेर्चेल्ली. तुरीनहून मिलानच्या वाटेवर, आगगाडीने तासाभराच्या आतले हे गाव. खिडकीतून पाहतो तो काय, दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली खाचरे! इटलीत भात पिकतो हे मला तोवर माहीत नव्हते. पो नदीचे पाणी ऐंशीहून अधिक किलोमीटर वाहून आणणारा कावूर कालवा १८६६ साली पुरा झाला, त्यामुळे या भातशेतीला बरकत आली. माझी आई कोकणातली. लग्नापर्यंत लावणीला चिखलात उभी राहिलेली. म्हणून ती खाचरे पाहून परके वाटेना.

या खाचरांत बेणणीचे, म्हणजे तण उपटण्याचे काम, बायका करीत. त्यांना तिकडे 'मोंदीने' म्हणत. दूरदूरच्या गावांहून हंगामापुरत्या त्या टोळ्यांनी येत. गुडघाभर पाण्यात, वाकून, डोक्यावर ऊन आणि पायाला जळवा. या बायकांनी १९०६ साली व्हेर्चेल्लीच्या भागात आठ तासांचा दिवस मिळविला. इटलीतल्या बहुतेक कारखान्यांतल्या पुरुषांना तो मिळण्याच्या कितीतरी आधी! ज्यांना लिहितावाचता फारसे येत नव्हते, ज्या दरसाल बदलत, ज्यांना मतदानाचा हक्क नव्हता, त्यांनी हे केले. पुढे तणनाशके आणि यंत्रे आली आणि ते काम संपले. नेपाळची बाई बांधावर उभी राहून बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, तुमच्या युनियनच्या कमिटीत बायका किती?" कमिटीत अकरा पुरुष होते. मी तिला आकडा सांगितला आणि पुढे काही बोललो नाही.

तिसऱ्या रविवारी इव्रेया. कामिल्लो ओलिवेत्तीने १९०८ साली येथे टाइपरायटरचा कारखाना काढला. त्याचा मुलगा आद्रियानो याने तो जगभर नावारूपाला आणला. कामगारांसाठी ग्रंथालय, बालकमंदिर, चांगली घरे. जेवणाच्या सुटीत मोठमोठे लेखक येऊन व्याख्याने देत. म्हणजे त्या कारखान्यातली व्याख्यानमालाच म्हणा ना! १९५६ च्या सुमारास या कारखान्याने पगाराला हात न लावता आठवड्याचे तास अठ्ठेचाळीसवरून पंचेचाळीसवर आणले. पुढे २०१८ साली युनेस्कोने या औद्योगिक नगरीला जागतिक वारशाचा मान दिला. मी गेलो तेव्हा मोठमोठ्या काचांच्या त्या इमारती पुष्कळशा शांत होत्या.

मी भारावून गेलो. सोमवारी वर्गात म्हणालो, "असा मालक मिळाला तर युनियनचे काम निम्मे कमी!" शिक्षिकेने विचारले, "आणि तो मालक मेला तर?" आद्रियानो ओलिवेत्ती १९६० साली वारला. त्याच्यामागे कंपनीचे दिवस पालटत गेले. चांगला मालक ही चांगली गोष्ट आहे. मी कोणाच्या चांगुलपणाला नावे ठेवणार नाही. पण ग्रंथालय मालकाच्या मनात आले म्हणून मिळाले, तर मालकाच्या मनातून गेले की जाते. करारात लिहिलेले मिळाले, तर ते काढून घ्यायला निदान त्याला आपल्यासमोर येऊन बसावे लागते.

याच आठवड्यात एक निवृत्त कामगार आमच्या वर्गात बोलायला आले. दक्षिण इटलीतून पोटासाठी तुरीनला आलेले, पाचवीपर्यंत शिकलेले. ते सांगू लागले आणि दुभाषी आम्हांला इंग्रजीत सांगे. १९७३ साली इटलीतल्या धातुकामगारांनी आपल्या देशव्यापी करारात एक कलम मिळविले. कामगाराला शिकण्यासाठी तीन वर्षांत दीडशे तास भरपगारी रजा. अट एकच, तितकाच वेळ त्याने स्वतःच्या पदरचा घालायचा. म्हणजे तीनशे तासांच्या वर्गाचे निम्मे तास मालकाचे, निम्मे कामगाराचे. बोलणी चालली असता मालकपक्षाने विचारले म्हणे, "हे तास घेऊन कामगार काय वाजंत्री शिकणार आहे?" त्यावर उत्तर मिळाले, "वाटले तर तेही शिकेल." ही गोष्ट तिकडे अजून सांगतात. हे तास यंत्र चालविण्याचे प्रशिक्षण घेण्यासाठी मागितलेले नव्हते. माणूस म्हणून जे शिकावेसे वाटेल त्यासाठी मागितलेले होते.

हजारो कामगारांनी या तासांत माध्यमिक शाळेचा दाखला मिळविला. ते गृहस्थ म्हणाले, "आमचे गणिताचे पहिले पुस्तक म्हणजे आमची पगारपावती. कपात किती, का, आणि शेकडा किती हे काढायला शिकलो. भूगोलाचा पहिला धडा म्हणजे माझे गाव गरीब का आणि हे शहर श्रीमंत का." पुढे काही ठिकाणी कारखान्याबाहेरच्या गृहिणीही या वर्गांत येऊन बसू लागल्या.

मी ते ऐकत होतो आणि माझ्या अंगाला घाम सुटत होता. त्याचे कारण आज येथे प्रथमच चारचौघांत सांगतो.

२००६ साली आमच्या एका कारखान्यातला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. बहिःशाल विद्यार्थी म्हणून दहावीचा फॉर्म भरलेला. म्हणाला, "भाऊ, परीक्षेला आठ दिवस रजा पाहिजे. खाडा पडला तर घरी चालत नाही. मागणीपत्रात घालाल का?" मी घातली. सत्तावीस मागण्यांत सत्ताविसावी. बोलणी रात्री दोनपर्यंत चालली. महागाई भत्त्यावर अडले. तेव्हा व्यवस्थापनाला म्हणालो, "ही शेवटची सोडतो, तुम्ही भत्त्याचे बोला." कोणाला न विचारता सोडली. तिचे काही मोलच नाही असे समजून सोडली. दुसऱ्या दिवशी द्वारसभेत माझ्या गळ्यात हार पडला. तो मुलगाही टाळ्या वाजवीत होता. परीक्षेला तो बसला नाही. पुढल्या वर्षीही नाही. शाळा सुटल्याचे दुःख ज्याला ठाऊक, त्यानेच दुसऱ्याची शाळा भत्त्याच्या पासंगाला टाकली.

त्या रात्री तुरीनच्या खोलीत मला झोप लागली नाही. एकच विचार घोळत होता. कामगाराला पैसा पाहिजे हे आम्हां पुढाऱ्यांना कळते. त्याला वेळ पाहिजे हे मात्र आम्ही विसरलो. आणि आमच्या आधीच्यांना ते नीट कळले होते! नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्यांच्या मागणीपत्रात आठवड्याची सुटी अग्रभागी होती, आणि १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळाला. हा रविवार वरून पडलेला नाही. लोखंडे ज्या सत्यशोधक परंपरेतले, त्या जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी कष्टकऱ्यांसाठी पुण्यात १८५५ सालीच रात्रीची शाळा काढली होती. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेची पहिली परिषद १९१९ साली वॉशिंग्टनला भरली, तेव्हा भारतीय कामगारांच्या वतीने गेले ते आपल्या कुलाबा जिल्ह्याचे नारायण मल्हार जोशी. त्यांनीच १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन करून कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालविली. सुटी आणि शाळा या दोन गोष्टी या माणसांनी कधी वेगळ्या मानल्या नाहीत. मला ते समजायला इटलीला जावे लागले, याची आज लाज वाटते.

परत आल्यावर काय केले, असे आपण विचाराल. फार मोठे काही नाही. त्या मुलाच्या घरी गेलो आणि घडले ते सांगितले. तो म्हणाला, "मला कळले होते, भाऊ." त्यापुढे काही बोलला नाही. पुढच्या करारात परीक्षारजेची मागणी तिसऱ्या क्रमांकावर घातली. मागितली दहा दिवसांची, मिळाली सहा दिवसांची, भरपगारी. आजवर आमच्या त्या एका कारखान्यातले चौदा जण ती रजा घेऊन दहावी-बारावी झाले आहेत. तो मुलगा त्यांच्यात नाही. त्याची मुलगी आता कॉलेजात आहे, हे समाधान त्याचे आहे, माझे नाही. कमिटीत आज तीन स्त्रिया आहेत. हेही पुरेसे नाही.

शिक्षणासाठी भरपगारी रजा असावी असा १४० क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार १९७४ साली झाला. भारताने त्यालाही मान्यता दिलेली नाही. उलट दिवसाचे काम बारा तासांवर नेण्याची भाषा मधूनमधून कानी येते. आठवड्याचे एकूण तास तेच राहतील, असे त्यावर सांगतात. पण बारा तास उभा राहिलेला माणूस रात्रशाळेच्या बाकावर जागा राहील काय? आणि मोबाइलवर मागविलेले जेवण आपल्या दारी आणणारा जो तरुण आहे, त्याचा रविवार कोठे आहे? आपला रविवार हा त्याचा सर्वांत धावपळीचा दिवस.

आता शेवटचे, आणि हे मी आपणां सर्वांना विचारतो. येथे दुकानदार बसले आहेत, डॉक्टर-वकील बसले आहेत, गृहिणी बसल्या आहेत. आपल्या दुकानातल्या मुलाला, दवाखाना झाडणाऱ्या बाईला, घरी भांडी घासायला येणाऱ्या ताईला आठवड्यातला एक पुरा दिवस मोकळा मिळतो काय? पगार न कापता मिळतो काय? यासाठी युनियन लागत नाही, कायदाही लागत नाही. उद्या सकाळी आपणच ठरवायचे आहे. मी मघाशी म्हणालो की कृपेपेक्षा हक्क बरा, ते खरेच आहे. पण हक्क येईपर्यंत कोणी उपाशी राहू नये, आणि अडाणीही राहू नये.

चिटणीसांनाही एक विनंती. ही व्याख्याने संध्याकाळी साडेसहाला असतात. त्या वेळी दुसऱ्या पाळीचा कामगार यंत्रावर असतो आणि पहिल्या पाळीचा गाडीत लटकलेला. पुढच्या वर्षी एक तरी व्याख्यान रविवारी सकाळी, औद्योगिक वसाहतीशेजारच्या मैदानात ठेवावे. सतरंज्या अंथरायला आमची माणसे येतील. वक्ता मात्र माझ्यापेक्षा शिकलेला आणा.